एका वाक्याचा शिंपला

१

शनिवारी कानाचा दवाखाना अर्धा दिवसच असायचा. शेवटचा पेशंट गेला की ताई दारावरची पाटी उलटी करायची, तपासणीच्या मशीनवर कापड टाकायची आणि बाहेरच्या खोलीतलं बुटकं टेबल मधोमध ओढायची. टेबलावरची माहितीपत्रकं खुर्चीखाली जायची, त्यांच्या जागी फासे, पेन्सिली आणि जाड पुठ्ठ्याची चौकोनी कार्डं यायची. मग गोष्टीचा खेळ सुरू व्हायचा, तो चहा दोनदा गार होईपर्यंत.

खेळ सोपा होता. ताई सूत्रधार. समोर काय आहे ते तिने सांगायचं: नदी आहे, गुहा आहे, कुलूप लावलेला दरवाजा आहे. बाकीच्यांनी आपापल्या सोंगाच्या तोंडून सांगायचं की आपण काय करतो. जमलं की फसलं, ते फाशाने ठरवायचं. दादा, म्हणजे ताईचा थोरला भाऊ, एरवी फुटबॉलच्या सामन्यांत पंच असायचा. खेळात तो लढवय्या. सिस्टर मोठ्या इस्पितळात वॉर्ड सांभाळायच्या आणि त्यांच्या नुसत्या चपला वाजल्या तरी पेशंट डोळे मिटून झोपेचं सोंग घ्यायचे. खेळात मात्र त्या चोर होत्या, आणि चोरी साधली की त्यांच्या चेहऱ्यावर जे काही उमलायचं ते बघायला तरी शनिवारी यावं.

चौथे मास्तर. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. बायको गेल्यावर कानाचं मशीन बसवून घ्यायला म्हणून आले, तेव्हा ताईच्या लक्षात आलं की या माणसाचे कान वयाच्या मानाने चांगलेच आहेत, ऐकण्यासारखं काही उरलेलं नाही एवढंच. हलकंसं मशीन तिने दिलं, आणि वर म्हणाली, "शनिवारी दुपारी येत जा की, मास्तर. चार डोकी असली की खेळाला रंग चढतो."

मास्तर आले आणि नावाडी झाले. पण कधी काही मागायचे नाहीत. जादूच्या वस्तू वाटायची वेळ आली की दादा हात पुढे करायचा, सिस्टर लाडात यायच्या, आणि मास्तर नेमके तेव्हाच कप विसळायला उठायचे. दादाकडे कधी बोथट न होणारी तलवार आली. सिस्टरांना कुठलंही कुलूप उघडणारे हातमोजे मिळाले. नावाड्याकडे आपलं ते जुनं वल्हं. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात, पण ताईला ते सलायला लागलं. सूत्रधार म्हणून बसायचं तर सगळ्यांना एकाच मापाने मोजायला नको?

म्हणून एकदा दोन पेशंटांच्या मधल्या वेळात तिने एक नवीन कार्ड केलं. शिंपला. कानाला लावला की जवळ नसलेलं माणूस बोलतं. एका बैठकीत एकदाच, आणि एकच वाक्य.

२

तिला वाटलं होतं, मास्तर बुडालेल्या राजाला खजिन्याचा पत्ता विचारतील. गोष्ट तिने तशीच बेतली होती.

"कोणाशी बोलायचंय नावाड्याला?" तिने विचारलं.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "नावाड्याला बायको असेल ना?"

"असेल की."

"गेली असेल."

सिस्टरांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग दादाच म्हणाला, "मास्तर, तुमचा शिंपला आहे, तुम्हाला हवं त्याला विचारा."

मास्तरांनी उजव्या हाताचा पसा करून कानाला लावला आणि मान जराशी कलती केली. ताईने आवाज मऊ केला. नावाड्याची बायको काय म्हणेल, ते सुचायला कितीसा वेळ लागतो? "धक्क्याची पायरी ओली आहे, जपून उतरा," ती म्हणाली. मास्तर हसले. ते हसल्यावर कसे दिसतात, हे बाकीच्यांना त्या दिवशी कळलं.

मग दर शनिवारी ते व्हायला लागलं. ताई कधी म्हणायची, "वारा सुटलाय, अंगावर काहीतरी घ्या." कधी, "एकटे जेवू नका, कोणाला तरी हाक मारा." साधीच वाक्यं. मास्तर ती ऐकून घ्यायचे आणि वल्हं मारायला लागायचे.

असाच एक शनिवार. खेळात वादळ येणार होतं आणि ताईने वाक्य आधीच ठरवून ठेवलं होतं: आज नाव सोडू नका. मास्तरांनी हात कानाला लावला. ताईने तोंड उघडलं.

"अहो, भिंतीकडे तोंड करून झोपत जाऊ नका," ती म्हणाली. "मान अवघडते."

बोलून झाल्यावर ती स्वतःच चमकली. आवाज तिचाच होता. शब्द कुठून आले ते मात्र तिला सांगता येईना. जिभेवर एक घ्यावं आणि दुसरंच बाहेर पडावं, तसं.

"हे काय वादळाबद्दल आहे का?" सिस्टरांनी विचारलं.

"असेल," ताई म्हणाली आणि घाईघाईने फासा टाकला.

खेळ संपल्यावर मास्तर मागे रेंगाळले. कपाचा कान पुन्हा पुन्हा पुसत म्हणाले, "ताई, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"काय?"

"पूर्वी मी त्या कुशीवर झोपायचो, कारण त्या बाजूला ती असायची. आता पलंग सरकवलाय. तिकडे भिंत आहे." त्यांनी कप खाली ठेवला. "मान अवघडतेच."

ताईने मनाची समजूत घातली. म्हातारी माणसं कुशीवर झोपतात, खोल्या लहान असतात, पलंग भिंतीलाच लागतो. अंदाजाने मारलेला दगड लागतोही कधीकधी. तरी सोमवारी सकाळी पाटी सुलटी करायची ती विसरली.

३

दादाने शिट्टी फुंकावी तसा तो विषय काढला.

"राग मानू नका मास्तर, पण हा रडीचा डाव आहे. माझी तलवार खोट्या कारणासाठी उपसली की तिचे दोन तुकडे होतील. सिस्टरांनी हातमोजे घातले की बोटांना फोड येतात. प्रत्येक वस्तूला काहीतरी किंमत पडते. शिंपल्याला काय पडते? फुकटची जादू!"

"अरे, मास्तर कुठे त्याने कोणाला हरवतायत?" ताई म्हणाली.

"प्रश्न तो नाहीये. आज मास्तरांना सूट, उद्या मला, परवा सिस्टरांना. मग खेळ कसला? गंमत संपली."

"हो, आणि फोड मलाच येतात," सिस्टर म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पण त्या दादाच्या बाजूने बोलल्या, हे खरं.

ताई मास्तरांकडे बघत होती. ते म्हणाले, "दादा बरोबर बोलतायत. घेतलं तर द्यायला हवं. मला पण ते बरं वाटेल."

मग चौघांनी डोकी एकत्र करून नियम बसवला. प्रत्येक वाक्यामागे नावाड्याने एक आवाज गमवायचा. कुठला, ते त्याचं त्याने ठरवायचं. गेला तो गेला. सिस्टरांनी वाहवा केली. दादाने टेबलावर थाप मारली, "याला म्हणतात न्याय!" ताईने कार्डावर ती ओळ वळणदार अक्षरात लिहिली आणि तिला मनापासून समाधान वाटलं. पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली ती तिला या समाधानाची.

"मग बोला नावाडी," ती म्हणाली. "आज काय देता?"

मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या झाडावर कलकलाट चालला होता. "पाखरं," ते म्हणाले. "फार भांडतात सकाळी."

त्या दिवशी ताईच्या तोंडून आलं: "निळ्या रंगाची बाटली उघडी राहिलीय, वाळून जाईल." मास्तर खेळ अर्धा टाकून घरी गेले. बाटली, त्यांनी नंतर सांगितलं, उघडीच होती.

४

पुढच्याच आठवड्यात मास्तर मशीन दाखवायला आले. "खरखर नाही, काही नाही. पण काहीतरी कमी वाटतंय."

ताईने त्यांना आवाजबंद खोलीत बसवलं. जाड दाराची, भिंतींना फोम लावलेली, एका बाजूला काच असलेली, कपाटाएवढी खोली. तिथे दार लावलं की माणसाला स्वतःचं रक्त वाहतानाचा आवाज येतो. पहिल्यांदा बसणारे हमखास दचकतात. काचेच्या अलीकडे ताई. एकेक सूर ती पाठवणार. ऐकू आला की मास्तरांनी हातातलं बटण दाबायचं आणि ताईसमोरचा दिवा लागणार.

खालचे सूर झाले, मधले झाले. दिवा लागत गेला. मग ती वरच्या, बारीक सुरांवर आली आणि दिवा लागेना. तिने आवाज वाढवला. आणखी वाढवला. काचेपलीकडे मास्तर शांतपणे वाट बघत बसले होते, शाळेत घंटेची वाट बघावी तसे.

वयाबरोबर बारीक सूर आधी जातात. हे ती रोज दहाजणांना सांगायची, आता स्वतःला सांगितलं. फक्त मागच्या तपासणीच्या आलेखातली रेघ इथे हळूहळू उतरत होती. आज ती कडा तुटावा तशी तुटली होती.

"अलीकडे पाखरं ऐकू येतात का, मास्तर?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"ती तर दिली ना आपण," मास्तर म्हणाले.

५

ताईने ते हसण्यावारी नेलं. म्हणजे, नेण्याचा प्रयत्न केला. पुढच्या बैठकीत मास्तरांनी भांड्यांचा आवाज दिला, मग स्वतःच्या पावलांचा. प्रत्येक वेळी ताईने मनात एखादं गुळगुळीत वाक्य घोळवून ठेवलं, आणि प्रत्येक वेळी भलतंच बाहेर आलं. एखाद्या जुन्या दुखण्याबद्दल. एका न केलेल्या सहलीबद्दल. मास्तर ऐकताना डोळे मिटायचे, आणि ताईला वाटायचं की आपण इथे आहोत त्या फक्त नळासारख्या. पाणी कुठलं, ते नळाला विचारून काय उपयोग?

मग ती दुपार आली जेव्हा दादा चेष्टेत म्हणाला, "आता काय देणार मास्तर? संपत आली की गंगाजळी."

मास्तरही चेष्टेच्याच सुरात म्हणाले, "तुमचा आवाज देऊन टाकतो. कान तरी निवांत होतील."

सगळे खो खो हसले. दादा सगळ्यात जास्त.

पुढच्या शनिवारी दादा दारातूनच ओरडला, "काय मास्तर, आज नदी पार करणार का?" मास्तरांनी वर पाहिलं नाही. ते पेन्सिलीला टोक करत होते. दादा शेजारी बसला, पुन्हा बोलला. मास्तर टोक करत राहिले. सिस्टरांनी हळूच विचारलं, "मास्तर, चहा?" त्याबरोबर ते म्हणाले, "हो, अर्धा कप. दादा दिसतायत, पण आज गप्प गप्प का?"

दादाचा चेहरा उतरला. "मास्तर, चिडलात का माझ्यावर?" तो त्यांच्या कानाशी वाकून म्हणाला. मास्तरांनी त्याच्या ओठांकडे पाहिलं, मग ताईकडे. "हे काय बोलतायत?"

भारदस्त आवाज आहे, खालचे सूर गेले असतील. ताईचं डोकं लगेच कारण शोधायला लागलं. तेवढ्यात पाण्याचा जार पोचवणारा माणूस दारात आला. त्याचा आवाज दादापेक्षाही खर्जातला. "कुठे ठेवू?"

"त्या कोपऱ्यात," मास्तर त्याला म्हणाले.

कान असा एक माणूस निवडून बंद होत नाही. ताईला तिच्या धंद्यातलं दुसरं काही येत नसेल, पण एवढं नक्की येत होतं.

दादा त्या दिवशी मुळीच खेळला नाही. जाताना जिन्यात थांबून ताईला म्हणाला, "नियम मी मागितला होता गं." एवढंच. पंच म्हणून त्याने आयुष्यभर भरल्या मैदानाच्या शिव्या खाल्ल्या होत्या. त्याचा आवाज असा बसलेला तिने कधी ऐकला नव्हता.

६

"आपण शिंपला बंद करू या," ताई मास्तरांना म्हणाली. भर दुपारी, दवाखान्यात, दोघंच असताना. "निदान किंमत तरी काढून टाकू."

"का? मी तक्रार केलीय?"

"तुमचे कान जातायत, मास्तर."

"जाऊ देत. मला आता ऐकायचंय तरी काय? एकच तर आवाज." मग तिचा चेहरा पाहून ते नरमले. "ताई, वस्तू एकदा दिली की दिली. काढून घेणं बरं नाही. ते लहान मुलांच्यात चालतं."

तिने त्यांना पुन्हा तपासायला बसवलं, कारण हाताला काम असलं की तिला सुचायचं. दार लावलं, सूर पाठवायला सुरुवात केली. वरचे आधीच गेले होते, आता खालचेही नव्हते. मधली एक चिंचोळी पट्टी तेवढी शिल्लक होती. ताईने हात बटणावरून काढला आणि आलेख भरायला घेतला.

समोरचा दिवा लागला.

तिने मशीनकडे पाहिलं. सूर बंद होता. दिवा विझला आणि जरा वेळाने पुन्हा लागला, जसं कोणी बोलता बोलता थांबतंय आणि ऐकणारा हुंकार देतोय. काचेपलीकडे मास्तर डाव्या बाजूला कलून बसले होते. त्या बाजूला फक्त भिंत होती. पण काचेच्या त्या कोपऱ्यावर, आतून, वाफेचा एक लहानसा गोल होता. धरत होता, विरत होता. मास्तरांचं तोंड तिकडे नव्हतं.

तिने दार उघडलं, ते जवळजवळ ओढूनच. "काय ऐकलंत?"

"अजून स्पष्ट नाही," मास्तर म्हणाले. "शनिवारी कळेल."

त्यानंतरच्या बैठकांत त्यांनी सिस्टरांचा आवाज दिला, सिस्टरांची परवानगी मागून. सिस्टरांनी डोळे पुसत होकाराची मान हलवली. नाही म्हणायचं त्यांना सुचलं नाही. मग रस्त्याचा आवाज. मग दाराच्या थापेचा. शेवटी मास्तरांना जगात एकच गोष्ट ऐकू यायची, ती म्हणजे ताईचं बोलणं. "तुमचा मात्र देणार नाही," ते म्हणायचे. "तुमच्यातूनच तर ती येते."

७

ताईने जे केलं ते मास्तरांच्या भल्यासाठी केलं, असं ती नंतर कितीतरी दिवस म्हणत राहिली. आधी दादाला, मग सिस्टरांना, मग कोणालाच नाही.

तिने खेळात लाट आणली. नाव कलंडली. शिंपला नावाड्याच्या हातातून निसटला. "फासा ठरवेल," ती म्हणाली. "तीन किंवा वर पडलं, तर शिंपला वाचला." हे न्यायाला धरून होतं, कोणालाही विचारा. तिने फासा टाकला आणि तळहाताने झाकून पाहिला.

सहा होता.

"एक," ताई म्हणाली आणि फासा उचलून मुठीत घेतला.

दादाने मान खाली घातली. तो ओळखून चुकला होता, पण त्याने शिट्टी फुंकली नाही. सिस्टरांनी मास्तरांच्या हातावर हात ठेवला. मास्तर ताईकडे बघत होते. नीट सांगायचं तर, तिच्या खांद्यामागे, जिथे दवाखान्याच्या परवान्याची काचेची चौकट लटकत होती.

"चित्र शिकवणारा माणूस आहे मी," ते सावकाश म्हणाले. "काचेत काय दिसतं, ते बघायची सवय असते."

ताईने मूठ आणखी घट्ट केली. "मास्तर, मी..."

"एकच आवाज उरलाय मला ताई. तो तरी खोटं बोलायला नको होता."

ते उठले. सवयीने चारही कप उचलले, आत जाऊन विसळले, पालथे घातले आणि गेले. जिन्यावर त्यांची पावलं वाजली, ती या तिघांना ऐकू आली, त्यांना नाही.

आणि मग, पावलं विरल्यावर, ताईला पहिल्यांदा कळलं की तिने काय करून ठेवलंय. तिने शिंपला काढून घेतला होता. पण त्यापायी त्यांनी दिलेलं काहीच परत केलं नव्हतं. पाखरं नाहीत, भांडी नाहीत, दादा नाही. वस्तू गेली, आणि किंमत तशीच गिळंकृत.

"परत करता येईल का?" सिस्टरांनी विचारलं.

ताईने त्याच जागी बसून, सूत्रधार म्हणून, मोठ्याने सांगितलं की नावाड्याला त्याचे सगळे आवाज परत मिळाले आहेत. तिघांनीही वाट पाहिली. कशाची, ते त्यांना माहीत नव्हतं. मग दादाने खाली जाऊन, रस्त्यावर लांब गेलेल्या मास्तरांना हाक मारली. दोनदा, तीनदा. मैदान दणाणून सोडणारी हाक. येणारे-जाणारे वळून बघायला लागले. मास्तर वळले नाहीत.

८

ते शनिवारी येईनात, म्हणून ताई त्यांच्याकडे गेली. घंटी वाजवून उपयोग नव्हता. खिडकीखाली उभं राहून तिने हाक मारली तेव्हा ते आले आणि दार उघडून बाजूला झाले.

लहानशी, स्वच्छ खोली. खिडकीपाशी चित्राचा तिरका फळा, ब्रश धुऊन उताणे ठेवलेले. पलंग भिंतीला लागलेला. आणि एक विचित्र शांतता. घड्याळ होतं, पंखा होता, नळ टपकत होता, तरी ती होती. आपण त्यांच्या कानाने ऐकतोय असं ताईला वाटलं आणि ती पटकन खुर्चीत बसली.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"चालायचंच," मास्तर म्हणाले. फार वाईट वाटेल इतक्या सौम्यपणे.

"झोप लागते?"

"लागते. पण जागं झाल्यावर कळत नाही, जागा झालोय ते." त्यांनी नखाला लागलेला रंग खरवडला. "आधी वाटलं होतं, शांत असेल. शांत नसतं ते. शांत म्हणजे काहीतरी ऐकू येतं आणि ते हळू असतं. हे वेगळं आहे."

ताईला ते सोसवेना. दवाखान्यात रोज ती बंद कानाची माणसं बघायची, पण ती तिने केलेली नव्हती. तिने फार विचार केला नाही. फासे नव्हते, कार्ड नव्हतं, दादा आणि सिस्टरही नव्हते. ती पुढे झुकली आणि सूत्रधाराच्या आवाजात म्हणाली, "नावाडी काठावर येतो. ओहोटी लागलीय. वाळूत त्याला त्याचा शिंपला सापडतो. जसाच्या तसा."

मास्तरांनी मान वर केली. डोळे भरले होते. मग त्यांनी हात उचलला, पसा केला आणि कानाला लावला.

ताईने तोंड उघडलं. काहीच आलं नाही. ठरवलेलंही नाही आणि न ठरवलेलंही नाही. ती बोलायचा प्रयत्न करत होती आणि मास्तर ऐकायला लागले होते.

त्यांचा चेहरा आधी उजळला, हाक ऐकल्यावर उजळतो तसा. मान कलली. एक वाक्य होऊन जाईल एवढा वेळ गेला. मग दुसरं. मग आणखी. नियमाप्रमाणे एकच असायला हवं होतं. मास्तरांच्या भुवया जवळ आल्या. ओठांवरचं हसू तसंच राहिलं, पण त्याच्या मागचा माणूस जरा मागे सरकला.

"नाही," ते म्हणाले. "मी ओळखलं नाही."

ऐकत राहिले.

"कोण बोलताय आपण?"

"मास्तर!" ताईला आवाज फुटला. "मास्तर, हात काढा खाली. पुरे. खेळ संपला."

ते वळले नाहीत. तिने आणखी मोठ्याने हाक मारली. मग खांदा धरला. तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या हलणाऱ्या ओठांकडे पाहिलं, दादाच्या ओठांकडे पाहिलं होतं तसंच. आणि ताईच्या लक्षात आलं. घाईत तिने शिंपला परत दिला होता, पण या वेळची किंमत काय, ते ठरवायचं राहून गेलं होतं. ती कोणीतरी दुसऱ्याने ठरवली होती. देण्यासारखं त्यांच्याकडे एकच उरलं होतं.

तिने त्यांचा हात धरून कानापासून ओढला. हाताला ताकद होती, म्हाताऱ्या माणसाच्या हाताला असू नये इतकी. पण ती ताकद त्यांची असावी, असं तिला वाटलं नाही. हात हलला नाही.

"राहू द्या, ताई," मास्तर म्हणाले. स्वतःचा आवाज ऐकू न येणारी माणसं बोलतात तसे, सपाट. "ती नाहीये ही. पण बोलतंय ना कोणीतरी. काहीच नसण्यापेक्षा..." आणि पुढचं ते बोलले नाहीत, कारण पलीकडून त्यांना मधेच थांबवलं असावं.

९

शनिवारचा खेळ बंद झाला. टेबल भिंतीशी गेलं, माहितीपत्रकं जागेवर आली. सिस्टर मास्तरांना रोज डबा पोचवतात. दादा रविवारी त्यांची दाढी करून देतो, एकाच बाजूची नीट होते, दुसऱ्या बाजूला हात असतो. पाटीवर लिहून विचारलं तर मास्तर उत्तर देतात, हसतातही. काय ऐकताय, असं लिहिलं की पाटी उलटी ठेवतात.

ताई दवाखान्यातून घरी जाताना त्यांच्या खिडकीवरून जाते. आधी ते दिसायचे तेव्हा मान डोलवत असायचे, शहाण्या मुलासारखे, धडा समजतोय असं दाखवणाऱ्या. तेवढ्यावर ती मनाचं समाधान करून घ्यायची.

परवा संध्याकाळी ती तशीच थांबली. ऊन खिडकीत तिरकं आलं होतं आणि मास्तर पलंगावर बसले होते, भिंतीकडे तोंड करून, हात कानाला. मान ते डोलवत नव्हते. ते ती आडवी हलवत होते, नाही, नाही, नाही, हळूहळू, विनवल्यासारखी. ताईने काचेवर हात आपटला. हाका मारल्या. शेजारची माणसं बाहेर आली.

मास्तर भिंतीला म्हणाले, "तिला नको. ताईचे कान अजून घेऊ नका." मग थोडं थांबून, हार पत्करल्यासारखे, "बरं."

आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या ताईला, समोरच्या झाडावर एवढी पाखरं बसलेली दिसत असताना, त्या पाखरांचा कलकलाट ऐकू येईनासा झाला.